जुन्या प्रोग्रॅमला नवा पत्ता कसा शिकवावा

धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचा भुईकाटा आहे. तुरीचा ट्रक काट्यावर चढतो, लाल आकडे थोडे थरथरतात, मग एका जागी थांबतात. काटेवाला बटण दाबतो आणि ते वजन जळगावच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जातं. तिथे रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, दर लागतो आणि पावती परत धुळ्याच्या प्रिंटरवर उतरते. पारोळा, एरंडोल करत नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा रस्ता; वजन मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत पोहोचतं. हे वजन नेणारा प्रोग्रॅम मी २०११ साली लिहिला. सी भाषेत, जेमतेम चारशे ओळींचा. अकरा वर्षं त्याने एकदाही तक्रार केली नाही.

२०२२ मध्ये जळगावच्या ऑफिसने जुनं इंटरनेट कनेक्शन बंद करून फायबर घेतलं. त्याच संध्याकाळी काटेवाल्याचा फोन आला, ‘‘ताई, काटा चालू शे, पन जयगावले काहीच जात नही.’’ ऑफिसात इंटरनेट उत्तम चाललं होतं. मेल येत होते, व्हिडिओ अडखळत नव्हते. फक्त काट्याचं वजन येत नव्हतं. दोन दिवस वजनं रजिस्टरात लिहून फोनवर सांगितली गेली. त्यात एका गाडीचं २४,३८० किलो हे वजन २४,८३० असं उतरलं. साडेचार क्विंटलचा फरक. व्यापारी आणि मिलमालक दोघेही खरे होते, आणि दोघांचा आवाज चढला होता.

चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, आणि तशीच चूक आज आपल्या भागातल्या शेकडो लहान प्रोग्रॅममध्ये निजून आहे असं मला वाटतं: ठिबकचे कंट्रोलर, शीतगृहातले तापमान मोजणारे डबे, पतपेढ्यांची शाखा जोडणारी सॉफ्टवेअरं, शाळांची हजेरीयंत्रं. म्हणून हा लेख. जळगाव-धुळ्यात जे सॉकेटचा कोड लिहितात, सांभाळतात किंवा शिकवतात, त्यांच्यासाठी.

आधी झालं काय ते बघू. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. असा पत्ता दिसला की समजायचं, कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. धुळ्याच्या जुन्या शहरात गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. समजा, सगळ्या गल्ली नंबर चारला मिळून एकच दार आहे. आतला माणूस बाहेर पडेल, त्याच्या पत्राचं उत्तरही दारावरचा माणूस आठवणीने त्याला नेऊन देईल. पण बाहेरून कोणी अनोळखी पत्र टाकलं, तर ते कुणाच्या घरी न्यायचं हे त्या दारावरच्या माणसाला कळणार कसं? ऑफिसचा सर्व्हर त्या गल्लीच्या आत गेला होता, आणि काटा बाहेरून हाका मारत होता.

कंपन्या असं का करतात, तर पत्तेच उरलेले नाहीत. जुना आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा. त्यातून निघतात सुमारे ४२९ कोटी पत्ते, आणि एकट्या भारतातच १४० कोटींहून जास्त माणसं आहेत. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटले गेले. एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठाही संपला. म्हणजे मी चार आकड्यांचा पत्ता प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहून ठेवत होते, त्याच वर्षी ते पत्ते संपले होते. आपल्या दूरसंचार विभागाने तर जुलै २०१० मध्येच देशासाठी आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पत्त्यांचा, पहिला आराखडा काढला होता, दुसरा मार्च २०१३ मध्ये. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि त्याने पहिल्यापासूनच ग्राहकांना आयपीव्ही६ दिलं. आज भारत या बाबतीत जगात आघाडीवर आहे. गुगलच्या मोजणीत भारतातून येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांकडे नवा पत्ता असतो. रावेरच्या केळीच्या बागेत उभ्या शेतकऱ्याचा फोन नव्या पत्त्याने बोलतो आणि त्याच्यासाठी लिहिलेला आपला प्रोग्रॅम मात्र जुन्यावर अडून बसतो, हे मला पटत नाही.

नवा पत्ता १२८ बिटांचा. चार-चार अक्षरांचे आठ गट, मध्ये कोलन. अक्षरं शून्य ते नऊ आणि ए ते एफ. सलग शून्यांचे गट एकदाच दोन कोलन लावून गाळता येतात. उदाहरणांसाठी राखून ठेवलेला एक पत्ता असा लिहितात: २००१:डीबी८::१. सर्वसाधारणपणे पुढचे ६४ बिट जाळं कोणतं ते सांगतात, मागचे ६४ त्या जाळ्यातलं यंत्र कोणतं ते. पिनकोडची रचना ज्याला कळते, त्याला हे अवघड नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाला; त्यात ४२४००१ म्हटलं की धुळे आणि ४२५००१ म्हटलं की जळगाव. छाटणी करणारा माणूस पुढच्या आकड्यांवरून थैली ठरवतो, गल्ली आणि घर शेवटी पोस्टमन बघतो. इथेही तसंच.

आता कामाचं. पहिल्या दिवशी कोडला हात लावू नका. नुसता शोध घ्या. सगळ्या फाइलींमध्ये हे शब्द शोधा: गेट-होस्ट-बाय-नेम, इनेट-एनटूए, इनेट-ॲडर, सॉकॲडर_इन, एएफ_इनेट, आणि १२७.०.०.१. त्याशिवाय १५ आणि १६ हे आकडेही शोधा, कारण जुन्या पत्त्याची जास्तीत जास्त लांबी पंधरा अक्षरं असते आणि तो पंधराचा हिशेब लोकांनी कुठे कुठे पेरलेला असतो. जिथे जिथे सापडेल ती ओळ कागदावर लिहा. माझ्या चारशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये सॉकेटच्या कॉलशी थेट संबंध असलेल्या अकरा जागा निघाल्या. पण पत्ता ‘चार आकडे आणि तीन टिंबं’ असाच असणार असं गृहीत धरलेल्या जागा निघाल्या तेवीस: सेटिंगची फाइल, लॉग, डेटाबेस, रिपोर्ट, पत्ता तपासणारं फॉर्मचं पान. खरं काम तिथे असतं. सॉकेटचे कॉल बदलायला एक दुपार पुरली. उरलेल्या जागांना दोन आठवडे लागले.

जोडणी करणाऱ्या बाजूपासून सुरुवात करा, ती सोपी आहे. जुन्या कोडमध्ये गेट-होस्ट-बाय-नेमला नाव द्यायचं, तो एक जुना पत्ता द्यायचा, तो हाताने सॉकॲडर_इनमध्ये भरायचा आणि कनेक्ट म्हणायचं. हे सगळं काढून टाका. त्याजागी गेट-ॲडर-इन्फो वापरा. त्याला नाव आणि पोर्ट द्या, कुटुंब म्हणून एएफ_अनस्पेक सांगा म्हणजे ‘जुना, नवा, जो असेल तो दे’, आणि प्रकार स्ट्रीम सांगा. तो तुम्हाला पत्त्यांची यादी देतो. प्रत्येक नोंदीत कुटुंब, प्रकार, पत्ता आणि पत्त्याची लांबी तयार भरलेली असते. त्या नोंदीतल्या माहितीनेच सॉकेट उघडा, त्याच माहितीने कनेक्ट करा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर ते सॉकेट बंद करा आणि यादीतला पुढचा पत्ता घ्या. सगळे संपले तरच हार माना. शेवटी यादी फ्री-ॲडर-इन्फोने मोकळी करायला विसरू नका. आणि हा कॉल चुकला तर त्याची चूक नेहमीच्या एररनोमध्ये शोधू नका. तो स्वतःचा आकडा परत देतो, त्याचा अर्थ जीएआय_स्ट्रएरर सांगतो. इथे मी स्वतः तासभर भलतीकडे शोधत बसले होते.

या सगळ्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमच्या कोडमध्ये ‘नवा पत्ता असेल तर असं, जुना असेल तर तसं’ ही अट एकदाही आलेली नाही. ती येऊच देऊ नका. जिथे अशी अट लिहावीशी वाटेल तिथे थांबा आणि विचार करा, पत्त्याचा आकार मला का लागतोय? दहातल्या नऊ वेळा तो लागत नसतो.

वेळेची मर्यादा मात्र घाला. यादीतला पहिला पत्ता नवा असतो आणि वाटेत कुठेतरी नवा रस्ता तुटलेला असतो, असं आपल्याकडे होतं. लिनक्सवर काही सांगितलं नाही, तर कनेक्ट एकेका पत्त्यासाठी दोन मिनिटांहून थोडं जास्त वाट बघतं. ट्रक काट्यावर उभा, मागे चार गाड्यांची रांग, आणि प्रोग्रॅम दोन मिनिटं गप्प. काटेवाला प्लग काढणारच. ब्राउझर इथे युक्ती करतात: पहिल्या पत्त्याला हाक मारली आणि पाव सेकंदात उत्तर नाही आलं, की दुसऱ्यालाही हाक मारतात आणि जो आधी ओ देईल त्याला धरतात. लहान प्रोग्रॅमला एवढं करायची गरज नाही. प्रत्येक पत्त्याला तीन सेकंद दिले तरी पुरतं.

पायथॉनवाल्यांचं बरंचसं काम भाषेनेच केलंय. सॉकेट मोड्यूलमधलं क्रिएट_कनेक्शन ही सगळी यादी स्वतः फिरतं, वेळेची मर्यादाही घेतं. तरीही मी पाहिलेल्या कितीतरी प्रोजेक्टमध्ये मुलं एएफ_इनेट लिहून हाताने सॉकेट उघडतात. जावात दोन्ही पत्ते वेगळं काही न सांगता चालतात. फक्त प्रोग्रॅम सुरू करण्याच्या ओळीत कोणी ‘आयपीव्ही४लाच पसंती’ असा ध्वज लावून ठेवला नाही ना, ते बघा. नोडच्या सतराव्या आवृत्तीपासून नाव शोधल्यावर पत्ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने वापरले जातात. त्यामुळे ‘लोकलहोस्ट’ला ::१ हा नवा पत्ता आधी मिळतो, आणि सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर बसला असेल तर जोडणी नाकारली जाऊ शकते. एकाच कॉम्प्युटरवर, मध्ये वायरही नसताना. हा प्रश्न घेऊन कोणी आलं की उत्तर सर्व्हरमध्ये शोधायचं.

सर्व्हरची बाजू जास्त विचार मागते. एएफ_इनेट६ चं एक सॉकेट उघडलं तर ते नव्यांबरोबर जुनेही पाहुणे घेऊ शकतं. पण घेईल की नाही हे आयपीव्ही६_व्ही६ओन्ली या पर्यायावर ठरतं, आणि त्याचं मुळातलं सेटिंग सगळीकडे सारखं नाही. लिनक्सवर तो बंद असतो, म्हणजे दोघेही येतात. विंडोजवर चालू असतो, म्हणजे फक्त नवे. ओपनबीएसडीवर तर तो कायम चालूच. म्हणून नशिबावर सोडू नका. बाइंड करण्याआधी तो पर्याय स्वतःच्या हाताने शून्य किंवा एक करा. माझी स्वतःची पसंती दोन वेगळ्या सॉकेटना आहे: एक नव्यासाठी, पर्याय एक करून, दुसरं जुन्यासाठी, दोन्हीवर पोलने लक्ष ठेवायचं. दहा ओळी वाढतात, पण पुढची एक मोठी डोकेदुखी टळते.

ती डोकेदुखी अशी. एकाच सॉकेटवर दोघांना घेतलं, की जुना पाहुणा नव्या वेषात येतो. १९२.१६८.१.२० हा पत्ता ::एफएफएफएफ:१९२.१६८.१.२० असा दिसतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘या चार यंत्रांनाच आत घ्या’ अशी यादी असेल आणि ती अक्षरांशी अक्षरं जुळवून बघत असेल, तर कालपर्यंत आत येणारं यंत्र आज दारात अडतं. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट: ‘यांना आत घेऊ नका’ अशी यादी असेल तर तोच पाहुणा नवा वेष घेऊन खुशाल आत शिरतो.

अॅक्सेप्टला पत्ता ठेवायला जी जागा देता, ती सॉकॲडर_स्टोरेज या प्रकाराचीच द्या. जुनी रचना १६ बाइटची, नवी २८ ची. जुन्या जागेत नवा पत्ता भरला तर सिस्टिम ओरडत नाही, मावेल तेवढं भरते आणि बाकी सोडून देते. याचं एक लक्षण मी डोळ्यांनी पाहिलं. बदल अर्धवट केल्यावर लॉगमध्ये प्रत्येक वजनापुढे पाठवणाऱ्याचा पत्ता ०.०.०.० असा उमटू लागला. जोडणी होत होती, वजन बरोबर होतं, पत्ता मात्र शून्य. कारण जुन्या रचनेत ज्या चार बाइटवर पत्ता असतो, नव्या रचनेत त्याच जागी प्रवाहाची खूण असते आणि ती बहुतेक वेळा शून्यच असते. माझा कोड नव्या कागदावर जुनी चौकट ठेवून वाचत होता. तुमच्या लॉगमध्ये असे शून्य दिसले तर सरळ अॅक्सेप्टच्या ओळीवर जा.

पत्ता वाचण्याजोगा करायला इनेट-एनटूए नको, इनेट-एनटॉप किंवा त्याहून सोपं गेट-नेम-इन्फो वापरा, आणि अक्षरांसाठी ४६ ची जागा ठेवा.

आता डेटाबेस. लँडलाइनच्या नंबरांआधी २ लावायची वेळ आली तेव्हा दुकानांच्या पाट्या, बिलबुकं, लग्नपत्रिका सगळं बदलावं लागलं होतं, ते ज्यांना आठवतं त्यांना पुढचं लगेच समजेल. काट्याच्या टेबलमध्ये पत्त्याचा कॉलम पंधरा अक्षरांचा होता, आणि जुन्या सेटिंगचा तो डेटाबेस जास्तीची अक्षरं मुकाट्याने कापून टाकत होता. त्यामुळे नवा पत्ता ‘२००१:डीबी८:५१ए:७सी’ एवढाच उरायचा. (इथे उदाहरणासाठी राखीव पत्ता दिला आहे.) पुढचं, म्हणजे नेमकं यंत्र सांगणारं, सगळं गेलेलं. धुळ्याच्या मिलमध्ये काट्याचे दोन कॉम्प्युटर आहेत. कोणतं वजन कोणावर झालं हे त्या आठवड्याच्या नोंदींवरून आता कधीच कळणार नाही. पोस्टग्रेसमध्ये पत्त्यासाठी इनेट हा प्रकारच आहे, तो घ्या. मायएसक्यूएलमध्ये १६ बाइटचा व्हारबायनरी कॉलम ठेवा आणि इनेट६_एटॉन, इनेट६_एनटूए ही फंक्शनं वापरा. मजकूर म्हणूनच ठेवायचा असेल तर ४५ अक्षरं द्या.

मजकुराचं आणखी एक दुखणं आहे. एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो: शून्यं गाळून, न गाळता, मोठ्या अक्षरांत, लहान अक्षरांत. २०१० साली त्यासाठी एक ठरावीक रीत सांगितली गेली: लहान अक्षरं, पुढची शून्यं काढलेली, सर्वांत लांब शून्यांची ओळ गाळलेली. पण माणूस फॉर्ममध्ये काय टाइप करील याचा नेम नाही. म्हणून दोन पत्ते कधीही अक्षरांनी जुळवू नका. दोन्ही इनेट-पीटॉनने सोळा बाइटमध्ये उतरवा आणि मग जुळवा. पायथॉनमध्ये आयपीॲड्रेस हे मोड्यूल हे काम नीट करतं. टिंबं मोजून पत्ता खरा-खोटा ठरवणाऱ्या तपासण्या तर सरळ पुसून टाका; पीटॉनला जो पत्ता कळतो तो पत्ता, नाही कळत तो नाही.

सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पत्ता, कोलन, पोर्ट’ असं लिहून पहिल्या कोलनवर तोडायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. नव्या पत्त्यात कोलनच कोलन, त्यामुळे तो तिथेच मोडतो. रीत अशी की पत्ता चौकोनी कंसात घालायचा आणि पोर्ट कंसाबाहेर: [२००१:डीबी८::१]:५०५०. वेबच्या पत्त्यातही हेच. पण मी सांगेन, फाइलमध्ये पत्ता लिहूच नका. नाव लिहा. माझ्या प्रोग्रॅमची मूळ चूक सॉकेटच्या प्रकारात नव्हती. ऑफिसचा पत्ता चार आकड्यांत फाइलमध्ये कोरून ठेवला, ही होती. पत्ता इंटरनेट कंपनीच्या मालकीचा असतो, नाव आपल्या मालकीचं. डोमेन घ्या, त्यात सर्व्हरच्या नावापुढे जुन्या पत्त्याची नोंद असेल तर ती ठेवा आणि नव्या पत्त्याची, जिला आपण क्वाड-ए म्हणतो, ती घाला. लहान ऑफिसना मिळणारा नवा पत्ताही कायमचा नसतो. राउटर बंद-चालू केल्यावर पुढचे आकडे बदलू शकतात. म्हणून पत्ता बदलला की नोंद आपोआप बदलणारी सोय लावून घ्या.

पत्त्यावरून माणूस ओळखण्याची सवयही सोडावी लागेल. फोन आणि लॅपटॉप खाजगीपणासाठी आपल्या पत्त्याचा मागचा भाग अधूनमधून बदलत राहतात. त्यामुळे ‘या एका पत्त्यावरून तासाला शंभरच विनंत्या’ असा नियम नव्या जगात निरुपयोगी आहे. मोजायचंच तर पुढच्या ६४ बिटांवर मोजा. काट्यासाठी आम्ही पत्त्यांची यादी काढून टाकली आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचं प्रमाणपत्र देऊन टीएलएसने जोडलं. पत्ता हा ओळखीचा पुरावा कधी नव्हताच.

राउटरकडे या. नव्या पत्त्याने प्रत्येक यंत्राला स्वतःचं घर मिळतं, म्हणून पोर्ट पुढे ढकलायचा जुना खटाटोप संपतो. पण बहुतेक राउटर बाहेरून येणारी नवी जोडणी मुळातच अडवतात, आणि ते योग्य आहे. फायरवॉलमध्ये फक्त त्या एका यंत्राचं ते एक पोर्ट उघडा. सगळं उघडून ‘चालतंय ना’ म्हणत निघून जाऊ नका. आत हिशेब आहेत, लोकांचे पैसे आहेत. आणि एक: आयसीएमपी सरसकट बंद करायची काही इंजिनिअरांची सवय इथे घातक ठरते. ‘पाकीट मोठं झालं, लहान कर’ हा निरोप आयपीव्ही६ मध्ये त्याच मार्गाने येतो. तो अडवला की लहान निरोप जातात आणि मोठी फाइल मध्येच थिजते. असा दोष शोधताना लोकांचे आठवडे जातात.

आतल्या जाळ्यात उपकरणं शोधायला तुम्ही ब्रॉडकास्ट वापरत असाल, तर आयपीव्ही६ मध्ये ब्रॉडकास्ट नाही; मल्टिकास्ट आहे, एफएफ०२::१ वर हाक मारली की त्या जाळ्यातले सगळे ऐकतात. एफई८० ने सुरू होणारे पत्ते फक्त त्या वायरीपुरते असतात. ते वापरताना कोणत्या कार्डावरून जायचं हेही सांगावं लागतं. जुनी उपकरणं, विशेषतः टूजी मोडेमवर चालणारी, नवा पत्ता शिकणार नाहीत. त्यांच्यासाठी सर्व्हरवर जुना दरवाजा चालू ठेवा, किंवा क्लाउडवर दोन्ही पत्ते असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घ्या. जुनं बंद करा असं मी म्हणत नाही.

तपासणीला खर्च नाही. आधी त्याच कॉम्प्युटरवर ::१ ला जोडून बघा. लिनक्सवर एसएस कमांडने ऐकणारी पोर्टं बघा: ०.०.०.० दिसलं तर सर्व्हर अजून जुनाच आहे, कंसातले दोन कोलन दिसले तर फक्त नवा, नुसती चांदणी दिसली तर दोन्ही. मग लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. सिमला आयपीव्ही६ असेल तर लॅपटॉपलाही मिळतं, म्हणजे प्रयोगशाळा खिशातच आहे. लॅपटॉपवर आयपीव्ही४ बंद करा आणि प्रोग्रॅम चालवा. जिथे कुठे चार आकडे लपून बसले असतील तिथे तो अडेल. ती जागा दुरुस्त करा, पुन्हा चालवा. ॲपल २०१६ च्या जूनपासून आपल्या ॲप स्टोअरवर येणाऱ्या प्रत्येक ॲपची हीच परीक्षा घेतं, फक्त आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चाललं पाहिजे. शेवटी उलटी परीक्षा घ्या: नाव दोन्ही पत्त्यांचं, पण नवा रस्ता मुद्दाम तोडलेला. प्रोग्रॅम तीन सेकंदांत जुन्या पत्त्यावर गेला पाहिजे. ही शेवटची परीक्षा टाळू नका. ती टाळली, तर ती गर्दीच्या दिवशी काट्यावर होते.

अवधानचा काटा आता नावाने जळगावला हाक मारतो. गेल्या वर्षी ऑफिसने पुन्हा कंपनी बदलली. फोन आला नाही.

एक विनंती मात्र करायची आहे, आणि ती बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आणि विद्यापीठात नेटवर्किंग शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना आहे. माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांची जर्नलं मी बघते. त्यात पहिला सॉकेट प्रोग्रॅम अजून एएफ_इनेट आणि गेट-होस्ट-बाय-नेमचाच असतो. गेट-ॲडर-इन्फो १९९० च्या दशकापासून आहे. मूल पहिल्यांदा जे टाइप करतं, तेच पुढे वीस वर्षं टाइप करत राहतं. मीही तेच केलं. या सत्रात जर्नलमधला तो पहिला प्रोग्रॅम तेवढा बदला.